पावसात मुलांना मैदानावर पाठवता का?

दोघींचा_बाबा | ७ जून, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण आमच्या घरात आठवडाभर त्यावरून वाद चाललाय, म्हणून इथे मांडतो.

थोरली दहा वर्षांची आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आठवत असेल. आपल्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, मुलींनी ७८-४० आणि मुलांनी ५४-३६. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. ते सामने टीव्हीवर बघून हिने दिवाणाच्या दोन टोकांना खुंट ठरवले आणि धाकटीला घरभर पळवायला सुरुवात केली. महिन्याभरात आमच्या भागातल्या सार्वजनिक मैदानावर एका सरांकडे नाव घातलं. सर स्वतः जुने खेळाडू आहेत, फी नावापुरती घेतात. आता दीड वर्ष झालं. पोरगी बदलली आहे. जेवते नीट, झोपते नीट, आणि हरली तरी रडत नाही. ही शेवटची गोष्ट आम्ही तिला शिकवली नव्हती, मैदानाने शिकवली.

अडचण पावसाची. मैदान उघडं आहे, वर छप्पर नाही. खुंटाभोवती सगळी पोरं वळतात, तिथे पाय घासून घासून खळगा झालाय. पहिली सर आली की पाणी सगळ्यात आधी तिथेच साचतं. बाकीच्या मैदानावर मार्चमध्ये एक प्रदर्शन लागलं होतं. त्यांनी मांडवाचे खांब काढून नेले, खड्डे तसेच ठेवले. परवा माझ्या डोळ्यांदेखत आठ वर्षांचा एक मुलगा पळता पळता अशा खड्ड्यात गुडघ्यापर्यंत गेला. पाय मुरगळला, मोडला नाही, हे नशीब.

बायकोचं म्हणणं, पाऊस तर चार महिने असतो, चार महिने घरी बसवलं तर सवय मोडेल. आईचं म्हणणं, दोन वर्षांपूर्वी पोरीला डेंग्यू झाला होता, चार रात्री आपण दवाखान्यात काढल्या, ते विसरलात का. मी मध्ये. मी विसरलेलो नाही. रात्री तीन वाजता प्लेटलेटचा आकडा येण्याची वाट बघत बाकड्यावर बसलेला बाप ते विसरत नाही. पण संध्याकाळी साडेपाचला खिडकीत उभी राहून आभाळाकडे बघणारी पोरगीही बघवत नाही.

तुम्ही काय करता? पावसाळ्यात सराव बंद ठेवता, की पाठवता? पाठवत असाल तर काय काळजी घेता? सविस्तर लिहा, मी सगळं वाचणार आहे.

दादरकर | ७ जून, रात्री ११.०५

पाठवा. डोळे झाकून नाही, पण पाठवा.

मी मुंबईचा. आमच्याकडे क्रिकेटची एक अख्खी स्पर्धाच पावसाळ्यासाठी आहे. डॉ. एच. डी. कांगांच्या नावाने १९४८ पासून कांगा लीग चालू आहे. खेळपट्टी झाकायची नाही, असेल तशी खेळायची. बॉल कधी गुडघ्याच्या खाली राहतो, कधी तोंडावर येतो. गवत वाढलेलं, त्यामुळे जमिनीवरून मारलेला फटका मध्येच अडकतो. आझाद मैदानावर एका मॅचचा फील्डर दुसऱ्या मॅचच्या अंपायरशेजारी उभा असतो आणि वरून धार लागलेली असते. अशा विकेटवर तीस रन काढणारा पोरगा कोरड्या विकेटवरच्या शंभरवाल्यापेक्षा आम्हाला मोठा वाटायचा. आजही वाटतो. माझे वडील घरी सांगायचे, याने कांगाला रन केलेत. पुढे त्याचं वेगळं कौतुक करावं लागत नसे.

मी स्वतः खालच्या डिव्हिजनला सहा-सात मोसम खेळलो. पावसाने आजारी पडलो असा एकही मोसम आठवत नाही. ओले बूट रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचे, सकाळपर्यंत कोरडे होतात. हे मात्र मुलीला नक्की शिकवा.

डॉक्टरीण_आई | ७ जून, रात्री ११.५०

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि मला एक मुलगा आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते.

पावसात भिजल्याने सर्दी-ताप होतो हे आपल्या घराघरातलं वाक्य आहे. सर्दी विषाणूमुळे होते, आणि तो कोंदट वर्गात शेजारच्या मुलाकडून जास्त मिळतो. भिजून धावणारं मूल गरम असतं. त्रास होतो तो खेळ थांबल्यावर ओल्या कपड्यांत अर्धा तास उभं राहिल्याने, गप्पा मारल्याने, स्कूटरवर वारं खात घरी आल्याने. तेव्हा पिशवीत कोरडा टीशर्ट, टॉवेल आणि मोजे. मैदानावरच बदलायचं, घरी येऊन नाही. दमा असलेल्या मुलांचं वेगळं आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच जावं.

आता खऱ्या काळज्या. तुम्ही लिहिलेला साचलेला खळगा मला पावसापेक्षा जास्त भीतीदायक वाटतो. उंदीर-घुशींचं मूत्र मिसळलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला जखम असेल तर जंतू तिथून आत शिरतात. खो-खो पुष्कळ ठिकाणी अनवाणी खेळतात. पायाला खरचटलेलं असेल त्या दिवशी साचलेल्या पाण्यात उतरायचं नाही, याला अपवाद नाही. खेळून आल्यावर पाय साबणाने, बोटांच्या बेचक्यांसकट. आणि पावसाळ्यात ताप आला, सोबत पोटऱ्या दुखत असतील, डोळे लाल असतील, तर घरी दोन दिवस वाट बघू नका. चिखलात खेळलं होतं हे डॉक्टरांना आपणहून सांगा. सांगितलं तर निदान लवकर होतं.

डेंग्यूबद्दल तुमच्या आईंची भीती मला समजते. पण तो डास दिवसा चावतो आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मैदानाच्या कडेला टाकलेले टायर, नारळाच्या करवंट्या, गच्चीवरचे पिंप, कूलरची टाकी. घरी बसवलं म्हणून मूल त्यातून सुटत नाही. आठवड्यातून एकदा ही भांडी उपडी करणं हे घरी बसवण्यापेक्षा उपयोगाचं.

आणि एक. मुलगी दहा वर्षांची म्हणालात. दहाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडीची लस असते, पुन्हा सोळाव्या वर्षी. बरेच पालक पाच वर्षांच्या डोसनंतर कार्ड कपाटात ठेवून देतात. बघून घ्या. मांडवाचे खड्डे आहेत तिथे खिळेही असतात.

हिशोबी | ८ जून, सकाळी ७.१५

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

मी दोन्ही मुलांना बॅडमिंटनला घातलं, छप्पर असलेल्या कोर्टवर. महिन्याला पैसे जातात, मान्य आहे. पण जूनमध्ये खंड नाही, एप्रिलमध्ये ऊन नाही, खड्डा नाही, भटकी कुत्री नाहीत. आम्ही दोघेही नोकरी करतो, रोज आभाळ बघून निर्णय घेणं शक्य नाही. मुलं सुरक्षित आहेत हे माहीत असलं की ऑफिसात काम होतं. उघड्या मैदानाची ओढ मलाही आहे, मी त्यावरच वाढलो. पण ते मैदान आता राहिलेलं नाही. त्या जागी आमच्याकडे गाड्या लागतात.

दोघींचा_बाबा | ८ जून, सकाळी ८.०२

डॉक्टरीणताई, कार्ड काढून बघितलं. टीडी राहिलंय. शनिवारी देऊन टाकतो. खूप आभार.

हिशोबीदादा, राग कसला. तुमची अडचण खरी आहे. पण आमच्या मैदानावर जी पोरं येतात त्यातली निम्मी तरी कोर्टची फी भरू शकणार नाहीत. वॉचमनकाकांची मुलगी आहे, भाजीवाल्या मावशींचे दोघे आहेत. माझी पोरगी त्यांच्या शेजारच्या चौकोनात पाठमोरी बसते आणि त्यांच्या पाठीवर थाप देऊन खो देते. मला हे तिच्या धावण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

वैदर्भी_ऊन | ८ जून, सकाळी ९.३०

तुम्ही पावसाला घाबरता, आम्ही उन्हाला. नागपूरकडून लिहितोय.

आमच्याकडे नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मेच्या सुमारास लागतो, तेव्हा पारा पंचेचाळिसाला टेकतो. शाळासुद्धा तुमच्यानंतर, जूनच्या शेवटी उघडतात. एप्रिल-मेमध्ये पोरांचा सराव पहाटे साडेपाचला सुरू आणि साडेसातला बंद. आठनंतर मैदानावर कोणी दिसलं तर सरच ओरडतात. संध्याकाळी सहाला जमीन इतकी तापलेली असते की चपलेतून चटका लागतो. पोरगा निघताना आई अजूनही त्याच्या खिशात कांदा ठेवते. मी त्याला मीठ-साखरेच्या पाण्याची बाटलीही देतो, आणि तहान लागायची वाट न बघता दर पंधरा मिनिटांनी चार घोट प्यायचे असं बजावतो. खेळता खेळता पोराचा घाम थांबला, अंग गरम कोरडं लागलं, बोलणं असंबद्ध झालं, की तिथल्या तिथे सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतायचं आणि दवाखाना गाठायचा.

म्हणून आम्हाला पावसाळा म्हणजे खेळाचा खरा मोसम. पहिली सर पडली की पोरं घरात थांबतच नाहीत, आम्ही थांबवतही नाही.

जुलै २०२५ मध्ये आमच्या दिव्या देशमुखने बातुमीला महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून. एकोणीस वर्षांची मुलगी, नागपूरची. तेव्हापासून इकडे दुपारी पट मांडणाऱ्या घरांची संख्या वाढली आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. उन्हाची दुपार बुद्धिबळाला द्या, पहाट मैदानाला. आमच्या घरी हेच चालतं.

शेवंती_सातारा | ८ जून, दुपारी २.२०

सगळे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहिते.

मी शाळेत असताना जिल्ह्यापर्यंत खो-खो खेळले. आठवीत सोडला. घरच्यांनी सोडायला लावला नाही, मीच सोडला. आमचा खेळाचा वेश पांढरा होता. जुलैतला एक दिवस अजून लक्षात आहे. सराव अर्ध्यावर असताना पाऊस आला, सगळ्या भिजलो, कपडे अंगाला चिकटले. मैदानाच्या कठड्यावर मुलं आणि मोठी माणसं बसलेली. एकाही मुलीला धावता येईना. दोन्ही हात छातीशी धरून आम्ही उभ्या. कपडे बदलायला खोली नव्हती, स्वच्छतागृह नव्हतं. त्या दिवशी घरी चालत जाताना मी ठरवलं, उद्यापासून नाही. आईला सांगितलं, अभ्यास वाढलाय.

दादा, तुमची मुलगी आज दहाची आहे. दोन वर्षांत बाराची होईल. पावसात मुलींचा सराव सुटतो तो सर्दीने नाही, ओल्या कपड्यांनी सुटतो. आणि पाळीच्या दिवसांत मैदानावर स्वच्छतागृह नसेल तर कोरड्या दिवशीही सुटतो. तेव्हा आत्तापासून दोन गोष्टी बघा. सराव गडद रंगाच्या जाड टीशर्टमध्ये, काळ्या किंवा नेव्ही ब्लू. आणि मैदानाच्या जवळ एखादी खोली, मग ती देवळाची असो, सोसायटीच्या ऑफिसची असो, किंवा एखाद्या काकूंचं घर असो, जिथे मुली जाऊन दार लावू शकतील.

माझी मुलगी आता कबड्डी खेळते. मी रोज जाते आणि कठड्यावर बसते. मी बसले की बाकीचे उठून जातात.

डॉक्टरीण_आई | ८ जून, दुपारी २.४१

शेवंतीताई, हे माझ्या प्रतिसादात असायला हवं होतं. बाराच्या आसपास खेळ सोडलेल्या मुली माझ्याकडे येतात आणि कारण विचारलं की अभ्यास वाढलाय हेच सांगतात. यापुढे मी एक प्रश्न जास्त विचारीन.

कोल्हापुरी_माती | ८ जून, संध्याकाळी ६.१०

आमची तालीम छपराखाली, त्यामुळं कुस्तीला पावसाचा अडथळा न्हाई. हौद्यातली तांबडी माती पावसाळ्यात दमट होतीय, म्हणून ती रोज उकरून मोकळी करायची, वाळवायची. ताक, हळद, लिंबू, तेल घालून मळलेली माती असतीय ती, नासली तर कातडीला खाज सुटती. पोरं सरावाआधी अर्धा तास नुसती माती उकरत्यात, तोच निम्मा व्यायाम. छत्रपती शाहू महाराजांनी १९१२ ला खासबाग कुस्तीचं मैदान बांधलं, पण त्येच्या आधी आन नंतर पैलवान घडला तो पेठेतल्या तालमीतच.

फुटबॉलचं मातर इथंबी पावसात बंदच. पंचगंगा पात्राबाहेर आली की निम्मं गाव नदीकडं बघत असतंय. मॅचेस दिवाळीनंतरच.

भाऊ, तुमच्या पोरीला पावसाचे दोन महिने एखाद्या तालमीत नायतर व्यायामशाळेत दोर, दंड, बैठका करू द्या. खो-खोला मांड्या आन कंबर लागतीय. वाया जाणार न्हाई.

आडसर_गोवा | ८ जून, रात्री ९.००

गोव्यातून नमस्कार.

आमच्याकडे माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर दरवर्षी चिखलकालो होतो, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, द्वादशीला. लहानमोठे सगळे अंगाला तेल लावून मैदानातल्या चिखलात उतरतात आणि आंधळी कोशिंबीर, चेंडूफळी असे जुने खेळ खेळतात. आजोबा, बाप आणि नातू एकाच चिखलात. आधी देवाला हात जोडायचे, मग उतरायचं. भर पावसात चिखलात लोळणं हा आमच्या गावात देवाचा कार्यक्रम आहे, त्यामुळे पोरांना घाण होशील म्हणून कोणी हटकत नाही.

पण एक लक्षात घ्या. ते मैदान गाव आधी बघून घेतं. दगड, काच, काटे राहू नयेत म्हणून पाहणी होते. चिखल मऊ आणि खोल असतो, पडलं तरी लागत नाही. वर पातळ निसरडा थर आणि खाली कडक जमीन असेल तर धोका जास्त. तुमचं मैदान कुठल्या प्रकारचं आहे ते आधी अनवाणी चालून बघा. तुम्ही स्वतः.

मेलबर्नहून | ९ जून, पहाटे ४.३५

इथे सकाळ झाली आहे आणि हिवाळा आहे, बाहेर रिपरिप चालू आहे, सात अंश. मुलगा नऊ वर्षांचा, शनिवारी सकाळी ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायला जातो. पावसाने मॅच रद्द होत नाही. पहिल्या वर्षी मी छत्री घेऊन धावत आत जायचे, आता मीही रेनकोट घालून कडेला उभी असते.

दोन गोष्टी इथून सांगण्यासारख्या. एक, इथे ऊन गंभीरपणे घेतात. शाळेचा नियमच आहे, नो हॅट, नो प्ले. टोपी नसेल तर मधल्या सुट्टीत सावलीत बसायचं. पहिलीतलं पोरगंही वाद घालत नाही. नियम सगळ्यांना सारखा असला की मुलं लगेच स्वीकारतात, हे मी इथे शिकले.

दोन, पावसात खेळतात, पण विजेला माफी नाही. गडगडाट ऐकू आला की शिट्टी, आणि सगळे इमारतीत किंवा गाडीत. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण तीस मिनिटं मैदानावर कोणी पाऊल टाकत नाही. मध्ये पुन्हा गडगडलं तर घड्याळ पहिल्यापासून. मॅच फायनलची असली तरी. भारतात आल्यावर मला याचीच धास्ती वाटते, कारण वीज चमकायला लागली की आपली मुलं झाडाखाली जातात.

तळेगावचा_मास्तर | ९ जून, सकाळी ६.५०

मेलबर्नच्या ताईंना पूर्ण अनुमोदन. शाळेत एकवीस वर्षं खेळ शिकवतोय.

आपल्याकडे विजेचा धोका भर जुलैच्या संततधारेत कमी आणि वळवाच्या पावसात जास्त. म्हणजे एप्रिल-मे, जूनचे पहिले दिवस, आणि पुन्हा परतीचा पाऊस. दुपारी उकाडा, चारनंतर काळा ढग, आधी वारा, मग टपोरे थेंब. नेमकी मुलांच्या सरावाची वेळ. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्राच्या संस्थेने केलेलं दामिनी नावाचं ॲप फोनमध्ये घ्या, आपल्या जागेभोवती वीज पडतेय का ते कळतं. मी सराव सुरू करायच्या आधी बघतो.

शिवाय २०२५ मध्ये २६ मेलाच मोसमी पाऊस मुंबईत पोचला, एरवी तारीख ११ जूनची. आमच्या उन्हाळी शिबिराचा शेवटचा आठवडा पाण्यात गेला. तेव्हापासून मी वेळापत्रक तारखेवर आखत नाही. ओल्या दिवसाचा सराव वेगळा लिहून ठेवतो, व्हरांड्यात होईल असा. जागेवर वळणं, उठून पहिलं पाऊल टाकणं, खो देताना आवाज आणि हात एकाच क्षणी. आवाज आधी गेला तर फाऊल, हे तर जागेवर बसूनही घोटता येतं. दहा वर्षांच्या मुलीला याच वयात ते बसवायला हवं. खुंटाजवळचं वळण मात्र ओल्या मातीत अजिबात नको. सगळं वजन एका पायावर येतं आणि गुडघा फिरतो. सूर मारणंही कोरडं होईपर्यंत बंद.

बाबा, तुमच्या सरांशी एकदा बसून बोला. जुना खेळाडू आहे म्हणता, त्याला हे सगळं माहीत असणार. पालकांपैकी कोणी विचारत नाही म्हणून तोही एकटाच ओढत असेल.

हिशोबी | ९ जून, दुपारी १.१०

मास्तरांचा व्हरांड्याचा मुद्दा पटला. आमच्या इमारतीत तळमजल्याला पार्किंगची मोकळी पट्टी आहे, साधारण वीस मीटर. संध्याकाळी रिकामी असते. सभेत विषय काढतो.

कौलारू | ९ जून, दुपारी ३.३०

खड्ड्यांबद्दल. मैदान कोणाचं, भाड्याने कोणी दिलं, पूर्ववत करून देण्याची अट होती का, हे लेखी विचारा. माहितीचा अधिकार त्यासाठीच आहे. पुण्यात मार्च २०२२ पासून नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे. सामान्य माणसाने मैदानाचं रडगाणं कोणाकडे गायचं हेच कळत नव्हतं. आता जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली आहे. तुमच्या प्रभागातून निवडून आलेल्यांकडे एकट्याने जाऊ नका. पंधरा पालक, पोरांसकट, खेळाच्या कपड्यांत जा. सोबत खड्ड्याचे फोटो, शेजारी पट्टी ठेवून काढलेले. मी आमच्या वाचनालयासाठी असं केलं आहे, दोन महिने लागले पण काम झालं. आणि शेवंतीताई म्हणतात त्या स्वच्छतागृहाची मागणी त्याच अर्जात पहिली लिहा, शेवटी नको.

दोघींचा_बाबा | १० जून, रात्री १०.१५

आज सरांशी बोललो. मास्तर, तुम्ही म्हणालात ते शब्दशः खरं निघालं. सर म्हणाले, इतक्या वर्षांत पावसाळ्यात काय करायचं हे विचारायला आलेला तुम्ही पहिला पालक. पोरं येईनाशी होतात आणि सप्टेंबरमध्ये निम्मी परत येतात, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. मला वाईट वाटलं. गेल्या पावसाळ्यात मीही न सांगता दोन महिने पोरीला घरी ठेवलं होतं.

ठरलं असं. रिमझिम असेल तर मैदान, जोराचा असेल तर शेजारच्या देवळाचा सभामंडप, तिथे मास्तरांनी सांगितलेला सराव. मंडपाला लागून एक खोली आहे, तिची चावी संध्याकाळी मुलींकडे राहील, विश्वस्तांनी लगेच हो म्हटलं. गडद टीशर्ट सगळ्या मुलींना एकसारखे आणतोय. शेवंतीताई, तुमचा प्रतिसाद मी बायकोला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, मी पोहणं असंच सोडलं होतं. लग्नाला तेरा वर्षं झाली, मला ती पोहायची हेच माहीत नव्हतं.

आईलाही डॉक्टरीणताईंचं सगळं सांगितलं. तिने उत्तर दिलं नाही, पण सकाळी गच्चीवर जाऊन पिंपं उपडी केली.

दादरकर | १० जून, रात्री १०.५२

वाचून फार बरं वाटलं. पोरीला आमच्याकडून शाबासकी. नोव्हेंबर २०२५ मधली क्रिकेटच्या महिला विश्वचषकाची फायनल आठवते का, आमच्या नेरूळची? पावसाने दोन तास खाल्ले, पाचला पहिला चेंडू पडला, आणि मध्यरात्री हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला. माझी नात पूर्ण वेळ जागी होती. कव्हर निघेपर्यंत थांबायचं हेही खेळातच येतं, हे तिला त्या संध्याकाळी कळलं.

दोघींचा_बाबा | १४ जून, रात्री ९.२०

आजची हकीकत लिहितो, कारण तुम्हा सगळ्यांचा त्यात हात आहे.

अर्ज दिला आहे, स्वच्छतागृह पहिल्या क्रमांकावर. त्याचं काय होतं ते यथावकाश सांगेन. पण खड्डे तोवर थांबणार नव्हते, म्हणून आज सकाळी सातला आम्ही अकरा पालक जमलो. एका टेम्पोत मुरूम आणला, वर्गणी काढून. घमेली दोन पालकांनी बांधकामावरून मागून आणली. आडसर म्हणाले तसं आधी मी अनवाणी चाललो. वरून सगळं सारखं दिसतं, पण पाय टाकला की कुठे भुसभुशीत लागतं, कुठे टणक.

खिळ्यांसाठी भाजीवाल्या मावशींच्या यजमानांनी युक्ती काढली. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक सुतळीला बांधलं आणि पोरांनी ते आळीपाळीने जमिनीवरून ओढत नेलं. खळ्ळकन आवाज झाला की थांबायचं, खिळा काढायचा, डब्यात टाकायचा. श्रीखंडाचा अर्धा किलोचा डबा गच्च भरला. त्यात चार बोटं लांबीचे गंजके खिळे होते, बांधायची तार होती, एक मोडकी कात्रीही निघाली. दीड वर्ष माझी मुलगी या मैदानावर अनवाणी धावत होती. तो डबा मी घरी आणलाय. अर्जाच्या पाठपुराव्याला जाताना बरोबर नेणार आहे.

मग खड्डे भरले, धुम्मसने ठोकले, आणि सरांनी दोरी लावून मैदान नव्याने आखलं. सत्तावीस बाय सोळा मीटर, पण जुन्या जागेपासून चार पावलं सरकवून, म्हणजे खुंट खळग्यात येणार नाही. जुन्या खळग्यापासून कडेच्या गटारापर्यंत पोरांनीच चर खणला.

संध्याकाळी साडेपाचला सराव सुरू झाला. नऊ जणी, नऊही काळ्या टीशर्टमध्ये. सहा वाजता पश्चिमेकडून आभाळ भरून आलं आणि दूर कुठेतरी गडगडलं. सरांनी शिट्टी मारली. सगळ्या पळत सभामंडपात. माझ्या पोरीने माझ्या मनगटावरचं घड्याळ मागून घेतलं आणि पायरीवर बसून मिनिटं मोजायला लागली. पाऊस आला, कोसळला, थांबला. चरातून पाणी वाहून गेलं, नवा खुंट कोरड्यात उभा. मुली म्हणायला लागल्या, आता जाऊ या ना. ती म्हणाली, अजून सहा मिनिटं आहेत.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला पुन्हा गडगडलं. तिने काटा बघितला आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.